नॉर्मल रिपोर्टच्या पलीकडचे

२०२० च्या उन्हाळ्यात आपण सारे घरात कोंडलेले असताना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक काटेरी गोळा अखंड फिरत असे, हे आपणांस आठवत असेल. कधी तो लाल असे, कधी हिरवा, कधी जांभळा. माझ्या डोंबिवलीतील दवाखान्यात एका आजोबांनी मुखपट्टी सावरत विचारले होते, "डॉक्टर, याचा खरा रंग कोणता हो?" प्रश्न भाबडा वाटला, तरी नेमका होता. त्याचे उत्तर असे, की त्याला रंग नसतो. रंग ही प्रकाशाची किमया आहे आणि प्रकाशाच्या लहरीहून कितीतरी लहान असलेल्या वस्तूच्या बाबतीत ती चालत नाही. विषाणूचे खरे छायाचित्र करडे असते. त्यातील लाल-हिरवे रंग संगणकावर मागाहून भरलेले असतात.

असे खरे, करडे छायाचित्र आपल्या पुण्यातच टिपले गेले. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान झाले. त्या रुग्णाच्या घशातील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासला गेला. १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू झालेली ही संस्था अशा कामात मुरलेली आहे. तेथील शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या नमुन्यात विषाणूचे सात कण आढळले. त्यांपैकी एक उत्तम जपला गेला होता. त्याचा व्यास होता ७५ नॅनोमीटर आणि कडेला ते प्रसिद्ध काटे स्पष्ट दिसत होते. मार्च २०२० च्या अखेरीस ही छायाचित्रे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाली.

नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आकडा डोक्यात बसत नसेल, तर असे पाहा. आपल्या रक्तातील एक तांबडी पेशी इतकी लहान, की ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्या पेशीच्या रुंदीत असे शंभर विषाणू एका रांगेत उभे राहतील.

मग साध्या सूक्ष्मदर्शकाचे भिंग आणखी मोठे करून हे विषाणू का दिसत नाहीत? अडचण भिंगाची नाही, प्रकाशाची आहे. ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी बसला असाल, तर पाण्यावरच्या लाटा आपण पाहिल्या असतील. लाट नावेवर आपटते तेव्हा मोडते, वळते, मागे फिरते, आणि लाटेच्या त्या मोडण्यावरून तेथे नाव आहे हे कळते. पण त्याच पाण्यात एखादी गवताची काडी उभी असेल, तर लाट तिला जुमानतही नाही, जशी आली तशी पुढे निघून जाते. प्रकाशाच्या लहरींचेही तसेच आहे. त्यांची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन ठिपके साध्या सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत, ते एकात एक मिसळलेलेच दिसतात. भिंग वाढवले, तर तोच धुरकट डाग मोठा होऊन दिसतो, इतकेच.

काडी शोधायची तर फार बारीक लाटा हव्यात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भौतिकशास्त्रज्ञांना उमगले, की वेगाने धावणारा इलेक्ट्रॉनसुद्धा लहरीसारखा वागतो आणि त्याची लहर प्रकाशाच्या लहरीहून लक्षावधी नव्हे, तरी लाखभर पटीने आखूड असू शकते. बर्लिनमध्ये माक्स नोल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून पहिला प्राथमिक सूक्ष्मदर्शक बांधला. रुस्का यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल पंचावन्न वर्षांनी. मला मात्र या कथेत त्यांचा धाकटा भाऊ हेल्मुट अधिक जवळचा वाटतो, कारण तो डॉक्टर होता. भावाच्या यंत्राखाली विषाणू ठेवून पाहावेत, हा ध्यास त्याचा. आपल्याकडे कोलकात्यात नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४० च्या दशकात असे यंत्र स्वतः उभारले, हेही विसरू नये.

या यंत्राचे अंतरंग समजायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या घरात पूर्वी जो खोक्यासारखा टीव्ही होता, ज्याच्या पाठीमागे एक मोठे कुबड असे, त्यात हीच करामत होती. त्या कुबडाच्या टोकाशी एक तार तापे, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटत, वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या दाबाने ते पुढे झेपावत, बाजूची विद्युतचुंबके त्यांना हवे तसे वळवीत आणि समोरच्या काचेवरील लेपावर ते आदळले की लेप उजळे. घरातल्या एखाद्या खोडकर मुलाने स्पीकरचे लोहचुंबक पडद्याजवळ नेऊन रंगांचा विचका केला असेल आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली असतील. त्या मुलाने नकळत दाखवून दिले होते, की चुंबक इलेक्ट्रॉनांना वाकवतो. काचेचे भिंग प्रकाशाला वाकवते, तसेच.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हा माणसाहून उंच असा एक खांब असतो. वरच्या टोकाला तापलेली तार, तिच्याखाली भिंगांच्या जागी तांब्याच्या तारेची वेटोळी असलेली विद्युतचुंबके, मध्ये नमुना आणि तळाशी उजळणारा पडदा किंवा आताच्या यंत्रांत कॅमेरा. दाब साधारण एक लाख व्होल्ट. खांबातील हवा पूर्ण काढून घेतात, कारण हवेच्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन भरकटले असते. नमुन्याचा जो भाग इलेक्ट्रॉनांना अडवतो तो काळा दिसतो, ज्यातून ते आरपार जातात तो उजळ. क्ष-किरणांच्या फिल्मची आठवण व्हावी असे हे सावल्यांचे चित्र असते. याच कुळातील दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका वस्तूच्या पृष्ठभागावरून ओळीने फिरवतात. मुंगीच्या डोक्याची किंवा फुलाच्या परागाची जी उठावदार छायाचित्रे आपण पाहतो, ती त्या यंत्राची. वैद्यकाचे काम बहुतांशी पहिल्या प्रकारावर चालते.

खरा कस लागतो तो नमुना तयार करताना. हवा नसलेल्या जागी ओली, जिवंत पेशी टिकणार नाही. म्हणून शरीरातून काढलेला कण तत्काळ ग्लुटारल्डिहाइड या द्रावात बुडवतात, म्हणजे तो ज्या स्थितीत असेल तेथेच थिजतो. मग ऑस्मियमसारख्या जड धातूची संयुगे त्यात मुरवतात, कारण इलेक्ट्रॉनांना अडवण्याचे काम जड धातूच करू शकतात. पुढे पाणी काढून टाकून तो राळेसारख्या रसायनात बसवतात आणि भट्टीत कडक करतात. नंतर काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढायचे. एक काप सुमारे ८० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे हजार काप बसावेत. हे काप सुरीमागच्या पाण्यावर तरंगतात आणि त्यांच्यावरची चंदेरी-सोनेरी झाक पाहून तंत्रज्ञ ओळखतो, की जाडी बरोबर उतरली आहे. शेवटी टिकलीएवढ्या, तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर तो काप उचलून घेतात. म्हणूनच हा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हाती येत नाही. "एवढे दिवस काय करतात?" असे चिडून विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे सारे सविस्तर सांगतो, आणि बहुधा त्यांचा राग निवळतो.

आमच्या विद्यार्थिदशेत पेशीच्या आत काय काय असते याची करडी छायाचित्रे पुस्तकात असत आणि परीक्षेपुरती आम्ही ती घोकत असू. जॉर्ज पलाडे यांच्यासारख्यांनी १९५० च्या दशकात याच यंत्रावर पेशीचे अंतरंग उलगडले, हे महत्त्व मला फार उशिरा, रुग्ण पाहू लागल्यावर कळले. लहान मुलांच्या जुलाबांचे एक मोठे कारण असलेला रोटाव्हायरस १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच नजरेने सापडला. आज आपल्या नातवंडांना सरकारी लसीकरणात त्यावरची लस तोंडावाटे दिली जाते. आणि 'करोना' हे नाव? ग्लासगोची जून अल्मेडा ही सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी. रुग्णालयातील प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली आणि विषाणूंची छायाचित्रे टिपण्यात जगात अग्रगण्य झाली. १९६० च्या दशकात तिने माणसाच्या सर्दीच्या एका विषाणूभोवती मुकुटासारखे कडे पाहिले. त्या कड्यावरूनच हे कुलनाम पडले.

आता आपल्या घराशी निगडित असलेल्या विषयाकडे येतो. कोविडचे निदान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने होत नव्हते, होणारही नाही, तिथे आरटी-पीसीआरच हवी. सामान्य रुग्णाच्या आयुष्यात हे यंत्र बहुधा एकाच वाटेने येते, ती म्हणजे मूत्रपिंडाची बायॉप्सी.

माझ्या रुग्ण असलेल्या एका काकूंची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सत्तरीच्या पुढे, राहायला डोंबिवली पूर्वेला, गुडघे दुखरे. सकाळी डोळे सुजलेले आणि संध्याकाळी पाय. पायांतली जोडवी बोटात रुतू लागली तेव्हा त्या आल्या. पायांच्या सुजेची कारणे पुष्कळ असतात. हृदय, यकृत, थायरॉइड, रक्तदाबाची एखादी गोळीसुद्धा. पण त्यांच्या सुनेने एक गोष्ट सांगितली, जी पुष्कळ घरांत लाजेने सांगितली जात नाही. सासूबाईंच्या लघवीला फेस येतो आणि पाणी ओतले तरी तो जात नाही. लघवी तपासली, तर प्रथिने भरभरून. रक्तातील अल्ब्युमिन उतरलेले. ठाण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांनी बायॉप्सी करण्याचे ठरवले.

बायॉप्सी म्हटले की घरात कर्करोगाची छाया पसरते. येथेही पसरली. मूत्रपिंडाची बायॉप्सी बहुतेक वेळा कर्करोगासाठी नसते, हे मी मुलाला दोनदा सांगितले. आठवड्याच्या आत पहिला रिपोर्ट आला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारे नॉर्मल, चमकणारे रंग लावून केलेल्या दुसऱ्या तपासणीतही काही नाही. मुलगा संध्याकाळच्या गाडीने उतरून थेट दवाखान्यात आला. "डॉक्टर, नॉर्मल आहे! मग आता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त होता, कारण खर्च खरोखरच होता. पण पाय सुजलेलेच होते, फेस येतच होता. ज्या मूत्रपिंडातून एवढी प्रथिने गळतात, ते नॉर्मल कसे असेल?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे १० लाख गुच्छ असतात. दिवसभरात त्यांतून १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सारा परत शोषला जातो. गुच्छातील प्रत्येक वाहिनीला बाहेरून विशिष्ट पेशींनी कवटाळलेले असते. या पेशींना असंख्य बारीक पाय असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून पाहा. शेजारच्या पेशींचे पाय असेच एकमेकांत गुंफलेले असतात आणि त्यांच्यातील फटींतून पाणी झिरपते, प्रथिने आत राहतात. ही फट सुमारे ४० नॅनोमीटरची. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटर, हे आपण वर पाहिले. म्हणजे बिघाड जर याच पायांत असेल, तर साधा सूक्ष्मदर्शक 'नॉर्मल' असेच सांगणार. तो खोटे बोलत नाही, त्याची नजरच तेवढी.

हे सारे मी काकूंनाही बोटे गुंफून दाखवले. त्या म्हणाल्या, "पाय माझे सुजलेत आणि तुम्ही मूत्रपिंडाचे पाय शोधताय होय!"

दहा-बारा दिवसांनी अंतिम रिपोर्ट आला. गुंफलेले पाय सपाट होऊन एकमेकांत मिसळून गेले होते, फटी बुजल्या होत्या आणि गाळणीची शिस्त मोडली होती. या आजाराला 'मिनिमल चेंज डिसीज' म्हणतात. हे नाव साध्या सूक्ष्मदर्शकाच्या काळातले आहे, त्याला बदल दिसतच नव्हता म्हणून 'मिनिमल'. इलेक्ट्रॉनांच्या नजरेने पाहिले तर बदल मुळीच किरकोळ नसतो. हा आजार लहान मुलांत अधिक, पण वृद्धांतही आढळतो, आणि त्याची एक ओळखीची वाट म्हणजे वेदनाशामक गोळ्या. काकू गुडघ्यांसाठी कित्येक महिने औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेत होत्या. त्या कोणालाच, मलाही, त्यांनी सांगितल्या नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी ते 'औषध' नव्हतेच.

गोळ्या बंद झाल्या, तज्ज्ञांनी स्टेरॉइड सुरू केले. प्रौढांत त्याचा गुण यायला मुलांपेक्षा वेळ लागतो, काही आठवडे, कधी तीन-चार महिने. या काळात कंटाळून स्टेरॉइड परस्पर थांबवणे घातक असते. वृद्धांत रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग होणे यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. काकूंना साखरेसाठी वेगळी गोळी काही काळ द्यावी लागली. रोज सकाळी सून त्यांचे वजन वहीत टिपत असे. आधी वजन उतरले, म्हणजे अंगातील पाणी उतरले. मग फेस कमी झाला. तिसऱ्या महिन्यात लघवीत प्रथिने नव्हती.

सगळ्यांची हकिकत अशी गोड होत नाही, हेही सांगायला हवे. वृद्धांत मूत्रपिंडातून प्रथिने गळण्यामागे मधुमेह असतो, काही पटल-विकार असतात, कधी ॲमिलॉइड नावाच्या पदार्थाचे ८ ते १२ नॅनोमीटर जाडीचे तंतू साचलेले असतात. सुरुवातीच्या काळात हे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाला हुलकावणी देऊ शकतात. तेव्हा या यंत्राने दिलेले उत्तर जड असते. तरीही चुकीच्या औषधात महिने घालवण्यापेक्षा ते लवकर कळलेले बरे, असे माझे मत आहे.

घरात कुणाची मूत्रपिंडाची बायॉप्सी ठरली, तर तज्ज्ञांना एक प्रश्न आधीच अवश्य विचारा: "इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी वेगळा तुकडा ठेवणार आहात ना?" साध्या तपासणीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, याचा तुकडा, जेमतेम मिलिमीटरभर, ग्लुटारल्डिहाइडमध्ये. सगळेच फॉर्मलिनमध्ये गेले तर पुढे त्यातून काम भागवता येते, पण चित्र तितके स्वच्छ येत नाही. तो तुकडा राखून ठेवला म्हणजे तपासणी करावीच लागते असे नाही. काही आजारांत पहिल्या दोन रिपोर्टांवरच निदान पक्के होते आणि मग खर्च टळतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या केव्हा थांबवायच्या हे तज्ज्ञांनाच ठरवू द्या, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. बायॉप्सीनंतर काही तास उताणे पडून राहावे लागते. वृद्धांना ते अवघड जाते, म्हणून सोबतीला बोलके माणूस ठेवावे.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. कल्याण-डोंबिवलीत एखाद्या सभागृहात 'आरोग्य शिबिर' भरते, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो मोठ्या पडद्यावर हजारो पट मोठा करून दाखवतात, पेशी चिकटलेल्या आहेत, विषारी द्रव्ये साचली आहेत असे सांगतात आणि लगेच डबे विकायला काढतात. पडद्यावर हलताना दिसते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र नसते, असूच शकत नाही, कारण त्या यंत्रात काहीही जिवंत हलत नाही. अशा चित्रावरून सांगितलेल्या कोणत्याही आजारावर विश्वास ठेवू नये आणि पाकीट खिशातच राहू द्यावे.

त्यापेक्षा काही रुपयांची लघवीची साधी तपासणी मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा जरूर करावी. अंगठ्याने नडगीवर दाबल्यास खळगा उरतो का, जोडवी वा अंगठी घट्ट होते का, सकाळी पापण्या जड दिसतात का, फेस टिकून राहतो का, हे सांभाळणाऱ्या माणसाने पाहावे आणि संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात, शेजारणीने दिलेल्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा.

सपाट झालेले ते पाय बरे झाल्यावर पुन्हा उगवतात का, असे काकूंच्या सुनेने मला विचारले होते. उगवतात. आजार शमला की पेशी आपले पाय पुन्हा पसरतात आणि शेजारच्या पायांत गुंफतात. केवळ ते पाहण्यासाठी कुणी दुसरी बायॉप्सी करत नाही. काकूंच्या बाबतीत आम्ही महिन्यातून एकदा लघवीत एक कागदी पट्टी बुडवतो आणि तिचा रंग पाहतो.